काम्बोआतला गाळ

माझी मावशी झुल्मीरा हिला आमच्या पोन्ता दू सुरुरू गावात सगळे मानानं 'दोना झुल्मीरा' म्हणायचे, तिच्याहून वयानं मोठी असलेली माणसंसुद्धा. ती काही मोठ्या घरची नव्हती. खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचणाऱ्या बाईची मुलगी, आणि स्वतःही जन्मभर तिसऱ्याच वेचत आली. पण खाडीच्या चिखलात कुठे उतरायचं, कुठे नाही, हे तिला विचारल्याशिवाय गावातली एक बाई पाऊल टाकत नसे.

मी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून तिच्यासोबत जात होते. ओहोटी लागली की बायका निघायच्या. डोक्यावर टोपल्या, कमरेला पत्र्याचा डबा, त्यात नारळाची सोडणं धुमसत ठेवलेली, नाहीतर चिलटं डोळे उघडू देत नसत. मावशी सगळ्यात पुढे. तिचे पाय रुंद, बोटं फाकलेली. ती पाय नुसता टेकवायची, जरा थांबायची आणि मागच्यांना सांगायची, "इथं खाली वाळू आहे, या. तिकडं नको, तिकडं मांडीपर्यंत जाल." कांदळवनाच्या कडेनं एक जुनी खोलगट नाळ होती. पूर्ण ओहोटीतही तिच्यात पाणी अडून राहायचं आणि बोई मासे आपसूक सापडायचे. तिला आम्ही काम्बोआ म्हणायचो. काम्बोआत फक्त मावशी उतरायची.

वेचून झालं की किनाऱ्यावरच मोठ्या डब्यात तिसऱ्या उकडायच्या. शिंपले उघडताना जो टकटक आवाज व्हायचा तो ऐकत आम्ही पोरी वाळूत लोळत असू. मग गर घरी न्यायचा, लाल पामतेल, नारळाचं दूध, कोथिंबीर आणि हिरव्या मिरच्या घालून मावशी तो मातीच्या भांड्यात शिजवायची. वर कसाव्याचं भाजलेलं पीठ. रविवारी चर्चमधली मिस्सा आटपून लोक घरी जायच्या आधी तिच्या दारावरून एक चक्कर मारायचे, उगाच. मावशी ओळखायची. "आलात ना वासावर? बसा," म्हणायची.

तिचा नवरा ओलिम्पियुकाका हा पाण्याला भिणारा मासेमार. होडी जरा कलली की दोन्ही हातांनी कड धरायचा. गावानं त्याची इतकी थट्टा केली की शेवटी त्यालाही आपलं हसू यायला लागलं. त्यामुळे सदुसष्ट साली खाडीच्या पलीकडच्या तीरावर कॉस्टिक सोड्याचा कारखाना आला, तेव्हा पहिल्या दिवशी नाव नोंदवणाऱ्यांत तो होता. नळ आणि पाण्याची दारं सांभाळायचं काम त्याला मिळालं. खाकी गणवेश मिळाला. मावशी तो रोज इस्त्री करायची. चुलीवर तापवलेली लोखंडी इस्त्री आणि त्या कापडाचा वास मला अजून आठवतो. कारखान्यानं गावात दिवे आणले, दवाखाना आणला. आमच्यापैकी कुणाला कारखान्याचा राग नव्हता. काका कारखान्यातून औषधाच्या बाटलीत घालून पाऱ्याचे मणी घेऊन यायचा आणि टेबलावर सोडायचा. ते एकमेकांत मिसळायचे, पुन्हा फुटायचे. आम्ही पोरंपोरी बोटांनी ते पळवत तासन् तास खेळायचो. इतकं सुंदर खेळणं पुढे कधी पाहिलं नाही.

ऐंशी साली कारखाना बंद झाला. पुढच्या वर्षी सरकारी माणसं आली आणि धक्क्यावर पाटी ठोकून गेली. या खाडीतले मासे, खेकडे आणि शिंपले खाऊ नयेत. तळाच्या गाळात पारा आहे, तो किड्यांत जातो, किड्यांतून माशांत, माशांतून माणसांत, असं त्यांनी चर्चच्या पडवीत बसवून समजावलं. लोकांनी ऐकून घेतलं. पण बोई तसाच चांदीसारखा होता, खेकडा तसाच भरलेला होता. काही होड्या बाहेरच्या समुद्रात जायला लागल्या, काही घरांनी मुलं शहरात कामाला पाठवली. बायकांनी टोपल्या छपरावर टाकल्या.

मावशीनं टाकली नाही. मी तेव्हा गावच्या शाळेत शिक्षिका झाले होते, पाटीवरचं सगळं वाचलेलं होतं. मी तिला पुष्कळ समजावलं. ती ऐकायची, मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी ओहोटीला निघायची. ज्या गोष्टीला वास नाही, रंग नाही, चव नाही, तिला आपण भ्यायचं तरी कसं, असं तिचं म्हणणं. शिवाय चौऱ्याऐंशी साली काका हृदयविकारानं गेला, आणि त्यानंतर चिखलात एकटीनं घालवलेले ते तीन-चार तासच तिला बरे वाटायचे, हे मलाही दिसत होतं. मी बोलायचं थांबवलं. त्याची बोच मला आहे.

तिची मुलगी एलिझेती साल्वादोरला एका कुटुंबात घरकामाला होती. तिला मूल झालं आणि ते तिनं आईकडे आणून ठेवलं. ही जांदिरा. मावशीनं तिला जे वाढवलं ते तिसऱ्यांच्या रश्श्यावर. काम्बोआ एव्हाना गाळानं भरून आला होता, वरून पाहिलं तर भोवतालच्या चिखलासारखाच दिसायचा. दुसरं कुणी तिकडे जात नसल्यामुळे तिथल्या तिसऱ्या मोठाल्या, गुबगुबीत. त्यातल्या निवडक ती नातीसाठी बाजूला काढायची.

जांदिरा सहा वर्षांची झाली आणि माझ्या वर्गात आली. गोड पोरगी, पण हातातून पेन्सिल निसटायची. अक्षरं दोन दोन महिने गिरवली तरी लक्षात राहायची नाहीत. सगळीच मुलं एका वेळी शिकत नाहीत, असं मी स्वतःला सांगत होते.

ब्याण्णव साली विद्यापीठातून दोतोरा, म्हणजे डॉक्टरीण, वाल्किरिया आली. खाडीचा तळ साफ करायचं सरकारनं ठरवलं होतं, त्यासाठी इंजिनियर नकाशे घेऊन खाडी मोजून गेले होते, आणि साफसफाईआधी माणसांच्या अंगात किती पारा गेलाय हे पाहायचं होतं. तिनं शाळेत मुलांना ओळीनं बसवलं आणि प्रत्येकाच्या मानेजवळची केसांची बारीक बट कापून पाकिटात घातली. मुलांना गंमत वाटली. दोन महिन्यांनी ती निकाल घेऊन आली तेव्हा आधी माझ्याकडे आली, कारण जांदिराचा आकडा सगळ्या शाळेत सर्वांत वरचा होता आणि मी तिची नातलग आहे हे तिला कुणीतरी सांगितलं होतं.

आम्ही दोघी मावशीकडे गेलो. ती चुलीपाशी बसली होती. दोतोरानं शांतपणे विचारलं, ही मुलगी काय खाते? मावशीनं लपवलं नाही. सगळं सांगितलं, काम्बोआतल्या निवडक तिसऱ्यांसकट. मग तिनं विचारलं, "पोरीच्या हातातून वस्तू पडतात. त्या यामुळे?"

"ते मी सांगू शकत नाही, दोना झुल्मीरा," दोतोरा म्हणाली. "कुणीच छातीठोक सांगू शकणार नाही. पण आजपासून थांबलात तर अंगातला पारा हळूहळू निघून जाईल. केस वाढतील तसा मुळाशी येणारा नवा केस स्वच्छ येईल."

मावशीनं चुलीवरचं भांडं उतरवलं, मागच्या दारी नेलं आणि खड्डा करून त्यातलं सगळं पुरलं. कोंबड्यांनाही दिलं नाही. मग छपरावर चढायची शिडी मागितली, टोपली स्वतःच्या हातानं वर ठेवली आणि घरात जाऊन पडली.  चौथ्या दिवशी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "दाल्वा, ते नकाशेवाले परत कधी यायचेत?"

ते पुढच्याच आठवड्यात आले. चर्चच्या पडवीत सभा भरली. तार्सिझियु नावाचा तरुण इंजिनियर होता, त्यानं भिंतीवर खाडीचा मोठा नकाशा लावला. कारखान्याचा सांडपाण्याचा मोठा नळ धक्क्याच्या टोकाला खोल पाण्यात सुटायचा. म्हणून सगळ्यात जास्त पारा तिथेच असणार, तिथला गाळ उपसायचा आणि बाकीच्या उथळ भागावर स्वच्छ वाळूचा थर द्यायचा, म्हणजे खालचा गाळ पुन्हा वर येणार नाही. ठरावीक अंतरावर नळ्या खुपसून त्यांनी नमुने काढले होते, त्यांचे ठिपके नकाशावर होते. कांदळवनाच्या कडेला एकही ठिपका नव्हता.

मावशी उठली. गावातल्या सभेत ती कधी बोललेली मला आठवत नाही. ती नकाशापर्यंत गेली, बराच वेळ बघत राहिली, मग एके ठिकाणी तळहात ठेवला.

"इथं," ती म्हणाली.

तार्सिझियुनं नम्रपणेच सांगितलं की तिथून नळ पाऊण किलोमीटर लांब आहे, आणि प्रवाहही त्या बाजूला जात नाही.

"मोठी भरती नळाचं पाणी उलटं दाबायची," मावशी म्हणाली. "तेव्हा बाजूचं दार उघडायला लागायचं. ते पाणी काम्बोआत यायचं. तेरा वर्षं. मला माहीत आहे, कारण ते दार माझा नवरा उघडायचा. मी त्याचा डबा घेऊन जायची तेव्हा डोळ्यांनी बघितलंय."

 मीही हे पहिल्यांदाच ऐकत होते. मग मागच्या बाकावरून मासेमार आर्जेमिरु उठला. ऐंशीपर्यंत त्याच्या चार होड्या होत्या, आता एकच उरली होती. त्याचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं.

"म्हणजे आमच्या ताटात विष तुझ्या घरातनं आलं. आणि तू बारा वर्षं गप्प."

"गप्प होते," मावशी म्हणाली. "ओलिम्पियुला कुणी सांगितलं नव्हतं त्या पाण्यात काय आहे. साहेब म्हणायचे उघड, तो उघडायचा. पण लोक त्यालाच धरतील, मेलेल्या माणसाचं नाव चिखलात जाईल, म्हणून मी गप्प राहिले. आणि त्याच चिखलातलं काढून माझ्या नातीला घातलं. तुला आणखी काही म्हणायचं असेल तर म्हण, आर्जेमिरु. मी उभी आहे."

 तो टोपी उचलून निघून गेला आणि पुढे मरेपर्यंत तिच्याशी बोलला नाही. समोरून आली की वाट बदलायचा. मावशीनं त्याला कधी नाव ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला ती तार्सिझियु आणि दोतोराला घेऊन चिखलात उतरली. मीही होते. गाळानं भरून गेलेला काम्बोआ आम्हाला तिघांनाही दिसत नव्हता. मावशी अनवाणी पायांनी चाचपत चालत होती आणि दर दहा-बारा पावलांवर थांबून म्हणायची, "रोव." आम्ही कांदळाची काठी रोवायचो, टोकाला लाल चिंधी. तार्सिझियु सुरुवातीला बुटांनी आला होता. पहिला बूट चिखलानं खाल्ला, दुसरा त्यानं स्वतः काढला. मावशी मागे न बघता म्हणाली, "आता बरोबर शिकाल." दोन तासांत चिंध्यांची नागमोडी रांग उभी राहिली आणि एक हरवलेली नाळ पुन्हा डोळ्यांना दिसू लागली. नमुने गेले. महिन्यानं निकाल आला, तेव्हा तार्सिझियु ते सांगायला साल्वादोरहून खास आला. धक्क्याच्या टोकापेक्षा काम्बोआतला गाळ किती तरी वाईट होता. मावशीसमोर खुर्ची असूनही तो खाली पायरीवर बसला आणि नवा नकाशा तिच्या मांडीवर उलगडला.

काम सुरू व्हायला पंच्याण्णव साल उजाडलं. आधी काम्बोआभोवती पाण्यात लांबच लांब कापडी पडदा सोडला. वरून तरंगणारा, खालून साखळीनं ताणलेला, म्हणजे ढवळलेला गाळ बाहेर पसरू नये. मग एक सपाट बोट आली, तिच्या तोंडाला जाड नळी. ती तळावर टेकवून गाळ शोषून घ्यायची आणि तो पाइपातून पलीकडच्या तीरावर, कारखान्याच्याच ओसाड जागेत नेऊन प्रचंड कापडी पिशव्यांत भरायची. पिशव्या मेलेल्या देवमाशांसारख्या पडून असायच्या. पाणी झिरपून निघायचं, ते वेगळं साफ व्हायचं, आणि आतला घट्ट झालेला गाळ अस्तर लावलेल्या खड्ड्यात कायमचा झाकून टाकायचा. पडद्यावर लक्ष ठेवायला गावातले मासेमार लावले होते. मावशीला कुणी काम दिलं नव्हतं, पण ती रोज छत्री घेऊन किनाऱ्यावर बसायची. नळी जरा भलतीकडे गेली की हातवारे करायची. बोटीवरचा चालक वैतागून तार्सिझियुला म्हणाला, मला दोन साहेब नकोत. तार्सिझियु म्हणाला, मलाही एकच आहे, ती तिकडे छत्रीखाली बसलीय.

उपसणं झाल्यावर वाळू आली. भरतीला तराफ्यावरून ती चाळणीतून पाऊस पडावा तशी पाण्यात सोडत, हळूहळू, महिनोन् महिने. सत्त्याण्णवच्या अखेरीला सगळं संपलं. पडदा निघाला, बोटी गेल्या, आणि पहिल्या मोठ्या ओहोटीला मावशी मला घेऊन खाली उतरली.

काळ्या चिखलाच्या जागी फिकी पिवळी वाळू होती. सपाट. पायाला खरखरीत, थंड. ना खेकड्यांची बिळं, ना किड्यांनी टाकलेल्या मातीच्या गुंडाळ्या, ना तो वास. मावशी थोडी चालली. थांबली. पुन्हा चालली. मग मला तिनं हात मागितला, जे तिनं चिखलात कधीही केलं नव्हतं.

"चांगलं झालंय," ती म्हणाली. "पण मला इथलं काही कळत नाही गं, दाल्वा. मी कुणाच्या तरी दुसऱ्याच्या अंगणात आल्यासारखी झालेय."

मी तिचा हात धरून तिला परत आणलं. त्या दिवशी तिनं मला लहानपणीच्या एकेक बाईचं नाव घेऊन सांगितलं, कोण कुठे वेचायची, कुणाची जागा कुठली. त्यातल्या बहुतेक मेल्या होत्या किंवा गाव सोडून गेल्या होत्या. त्यांच्या जागा आता वाळूखाली होत्या.

मग नुसती वाट बघणं. दरवर्षी दोतोरा येऊन बोई, शिंगाळे, खेकडे घेऊन जायची आणि दरवर्षी तेच सांगायची की आकडा उतरतोय, पण अजून नाही. लोक कंटाळले. दोन वर्षं झाली, पाच झाली, पाटी तशीच. चौथ्या वर्षी वाळूवर कांदळाची पानं, थोडा नवा गाळ साचायला लागला आणि बारीक बिळं दिसली. मावशीनं ती मोजली नाहीत, पण रोज बघून यायची. जांदिराच्या केसांतला पारा मात्र वर्षभरातच उतरला होता. पेन्सिल तिच्या हातात राहायला लागली. वाचायला ती उशिराच शिकली आणि तिला हिशोब कधीच जमला नाही. त्यामागे काय होतं, हे दोतोरा म्हणाली होती तसं कुणालाच सांगता येणार नाही. मोठी झाल्यावर ती शिवण शिकली आणि गावातल्या मुलींचे सणाचे झगे शिवू लागली. टाके सरळ, एकसारखे.

दोन हजार सहाच्या मे महिन्यात पाटी बदलली. बोई, खेकडे आणि तिसऱ्या खायला हरकत नाही. शिंगाळा आणि खाडीतले मोठे शिकारी मासे अजून नाही, विशेषतः गरोदर बायांनी आणि लहान मुलांनी. मावशी तेव्हा बहात्तर वर्षांची होती. तिनं मला पाटी दोनदा वाचायला लावली. शिंगाळ्याचं ऐकून म्हणाली, तो तसाही चवीला भिकारच.

वेचायला तिला मीच घेऊन गेले. काठी टेकत, पावलागणिक थांबत ती गेली. नव्या वाळूत तिसऱ्या होत्या, लहान, पण होत्या. अर्धी टोपली भरायला दुपार लागली. किनाऱ्यावर उकडल्या, घरी आणल्या, आणि तिनं चौदा वर्षांनी ते मातीचं भांडं चुलीवर चढवलं. पामतेल तापलं तसा शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावलं. तिनं त्याला बसायला सांगितलं.

पहिलं ताट जांदिराला. पोरगी वीस वर्षांची झाली होती. सहा वर्षांची असल्यापासून तिनं हे चाखलं नव्हतं. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिनं घास घेतला, चावला, गिळला, आणि अपराध्यासारखं आजीकडे पाहिलं.

"आजी, रागावू नकोस. मला हे चिखलासारखं लागतंय."

 मावशीला हसू फुटलं. इतकी हसली की तिला खोकला लागला, मी पाणी आणून दिलं. "चिखलातलंच आहे ते, पोरी," ती डोळे पुसत म्हणाली. "तुला आता जाशील तिथं कोंबडीच आवडणार." तिनं ताट स्वतःकडे ओढून घेतलं. जांदिराला भात आणि कोंबडी वाढायला लावली. आणि मग आम्ही दोघींनी, शेजाऱ्याला थोडं देऊन, ते भांडं बोटांनी पुसून संपवलं. मावशी सावकाश खात होती. मधेच म्हणाली की मीठ थोडं कमी पडलं, आणि ओलिम्पियु असता तर आणखी एक मिरची मागितली असती.

ती त्यानंतर सात वर्षं जगली. गुडघे गेले होते, त्यामुळे पुन्हा खाली उतरली नाही. पण ओहोटीच्या वेळी बायका पुन्हा टोपल्या घेऊन निघू लागल्या होत्या, चार-पाचच, बहुतेक लग्न होऊन बाहेरून आलेल्या. त्यांना जुन्या जागा माहीत नव्हत्या. त्यांनी वाळूत आपापल्या नव्या शोधल्या होत्या, त्यांना नवी नावंही दिली होती. जाताना त्या तिच्या दारावरून जायच्या आणि हाक मारायच्या, दोना झुल्मीरा, येतो. ती पायरीवर बसून हात वर करायची.